पहिली प्रत देवाची

श्रीपाद बसलेला मला फारसा आठवत नाही. शाळेत आम्ही एका वर्गात होतो. मास्तर त्याला बाकावर उभं करायचे तर तो खूश व्हायचा, बसण्याची कटकट वाचली म्हणून. आता बासष्ट वर्षांचा झाला तरी तेच. चहा उभ्याने पितो. फोनवर बोलता बोलता गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतो. माझ्या घरी आला आणि खुर्ची पुढे केली, तर तिच्या पाठीवर हात ठेवून तिच्यामागे उभा राहतो. लग्न केलं नाही. "मुलगी बघायला जायचो गं, पण पोहे येईपर्यंत बसवतं कुणाला?" असं स्वतःच सांगतो आणि स्वतःच हसतो. आणि याच माणसाने चाळीस वर्षं अर्ध्या भोर तालुक्याच्या लग्नपत्रिका छापल्या.

त्याचा छापखाना माझ्या घरासमोरच, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत. आईच्या नावावरून ठेवलेलं नाव, सुलक्षणा प्रिंटिंग प्रेस. आत एक ट्रेडल, म्हणजे पूर्वी पायाने चालवायचं आणि आता मोटर लावलेलं जुनं छपाईयंत्र, कागद कापायचं एक मोठं यंत्र, आणि कुणी तरी बसावं म्हणून ठेवलेलं एक स्टूल, ज्यावर कायम कागदाचे गठ्ठे बसलेले असतात. बँकेतून निवृत्त झाल्यापासून माझा बराच वेळ खिडकीत जातो. त्यामुळे त्या छापखान्यात काय चाललंय, हे त्याच्याआधी मला कळतं.

त्याची एक सवय आधी सांगितली पाहिजे. गिऱ्हाइकाने दोनशे पत्रिका सांगितल्या की श्रीपाद दोनशे एक छापणार. यंत्रातून निघालेली पहिली चांगली पत्रिका बाजूला काढायची, तिच्या चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावायचं आणि वेगळ्या कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायची. ती देवाची. घरी नेऊन आधी देवापुढे ठेवायची, मग बाकीच्या वाटायला काढायच्या. त्या एका पत्रिकेचे पैसे त्याने कधी लावले नाहीत आणि ती कधी मोजलीही नाही. त्याच्या वडिलांनी मोजली नव्हती. आमच्याकडे कुणीच मोजत नाही.

पुढे पत्रिका मोबाईलवर फिरायला लागल्या आणि छापखाना मंदावला. पावतीपुस्तकं, जत्रेची पत्रकं, एखादी श्रद्धांजली, यावर कसंबसं चालायचं. काम नसलं की हा माणूस आणखी वाईट. दुकान उघडं टाकून नदीपर्यंत जायचा, परत यायचा, यंत्राला तेल घालायचा, पुन्हा निघायचा. मी खिडकीतून ओरडायची, "श्रीपाद, अरे, पायाला भिंगरी बांधलीय का?" तर हात हलवून पुढे.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात तो हिर्डोशीला गेला. हिर्डोशीच्या वरच्या अंगाला बारा-पंधरा उंबऱ्यांची एक वाडी आहे. तिथल्या सप्ताहाची पत्रकं द्यायची होती. एसटीच्या कंडक्टरकडे दिली असती तरी पोचली असती, पण याला जायला निमित्त हवंच असतं. पत्रकं देऊन निघाला, तर वाडीत धावपळ. फुलाबाई म्हणून तिथल्या एक जाणत्या बाई आहेत. त्यांची लेक मंगल बाळंतपणाला माहेरी आलेली. दिवस भरायला तीन आठवडे होते आणि पोटात दुखायला लागलं. गाडी येणार खालच्या रस्त्यापर्यंत, आणि वरून खाली दीड तासाची पायवाट. बांबूला घोंगडीची झोळी बांधून मंगलला तिच्यात घातलं. खांदा द्यायला वाडीत धडधाकट गडी होते तीन. बाकीचे पुण्याला कामावर. चौथा खांदा श्रीपादने दिला.

बाळ वाटेतच गेलं. मंगल वाचली.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला आणि खुर्चीमागे उभा राहून सांगायला लागला. तो झोळीच्या मागच्या बाजूला होता. दीड तास त्याला एवढंच दिसत होतं: पुढच्या माणसाची पाठ, बांबू, फुगलेली घोंगडी आणि घोंगडीची कड घट्ट धरलेला मंगलचा हात. "एका वळणावर तो हात सुटला गं," तो म्हणाला, "मग तिने पुन्हा धरला." एवढं बोलून तो निघून गेला. चहा तसाच राहिला.

त्यानंतरचे दोन महिने त्याच्याकडे बघवत नव्हतं. आधी निदान कुठे तरी जायचा. आता छापखान्यातल्या छापखान्यात येरझाऱ्या. मग एक दिवस त्याने जुनी अवजारं काढली. पूर्वी पत्रिकेवरचे गणपती आणि कलश तो स्वतः कोरायचा. लिनोलियमचा जाड तुकडा घ्यायचा, बारीक पटाशीने नको तो भाग काढून टाकायचा, उरलेल्या भागाला शाई लावून कागदावर दाबायचं. तसा एक मोठा ठसा त्याने कोरायला घेतला. पाच मिनिटं कोरायचा, दहा मिनिटं चालायचा. दिवाळी झाली, संक्रांत झाली. होळीच्या आसपास एक ओला कागद दोन बोटांत धरून तो माझ्या दारात उभा राहिला.

मला चित्रातलं काही कळत नाही. पण त्या कागदावर काय आहे ते लगेच कळलं. पाठ, बांबू, घोंगडी आणि तो हात. चेहरा कुणाचाच नाही. सगळं काळं, आणि हात तेवढा कागदाचा पांढरा. मी रडले, ते त्याला आवडलं नाही. म्हणाला, "रडू नकोस. याचं काय करता येईल ते सांग."

काय करायचं हे त्याच्या डोक्यात होतंच. नववा महिना लागला की घाटाकडच्या वाड्यांतल्या बायांनी भोरला येऊन राहायचं, सरकारी दवाखान्याच्या जवळ. दोन खोल्या भाड्याने घ्यायच्या, स्वयंपाकाला एक बाई ठेवायची. कळा सुरू झाल्या की चालत पाच मिनिटांत दवाखाना. झोळी नको, बांबू नको. पैसे नव्हते, एवढंच अडत होतं.

माझी लेक शुभ्रा पुण्याला असते, पुस्तकांची मुखपृष्ठं वगैरे करते. तिला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन. म्हणाली, याच्या मोजक्या प्रती काढायच्या, पंचाहत्तर. प्रत्येकीवर क्रमांक घालायचा, खाली सही करायची, आणि छपाई झाली की ठसा सगळ्यांदेखत मोडून टाकायचा. मग लोक चांगली किंमत देतात आणि सगळे पैसे खोल्यांना.

श्रीपादला हे समजावताना माझा घसा बसला. "मागणी असताना छपाई थांबवायची?" तो म्हणे. "आणि वर ठसा मोडायचा? हा कसला धंदा?" मी म्हटलं, "धंदा नाही, शब्द आहे. पंचाहत्तर म्हणजे पंचाहत्तर, यावरच तर लोक पैसे देतात." शब्द म्हटल्यावर तो कबूल झाला. शब्दाचं त्याला कळतं. लग्न आठवड्यावर आलं असताना मुहूर्त बदलला, तर दिलेल्या शब्दाखातर एका रात्रीत सगळ्या पत्रिका पुन्हा छापून दिलेला माणूस तो.

छपाईला मी समोर होते. स्टुलावरचे गठ्ठे उतरवून बसले आणि एकेक मोजून दोरीवर वाळत घातली. पहिली चांगली प्रत निघाली, तशी त्याने सवयीने बाजूला काढली आणि चार कोपऱ्यांना हळदकुंकू लावून फळीवर ठेवली. मी ते पाहिलं. चांगलं उघड्या डोळ्यांनी पाहिलं आणि मला काहीही वाटलं नाही. दुसरीपासून मी 'एक' म्हणून मोजायला सुरुवात केली. एकतीस वर्षं बँकेत नोटा मोजलेली बाई मी.

पंचाहत्तरावी त्याने स्वतःसाठी घेतली. फुकट नाही, शुभ्राने ठरवलेली किंमत मोजून. पेन्सिलीने खाली ७५/७५ लिहिलं, सही केली, चौकट करून आणली आणि छापखान्यात कापायच्या यंत्राच्या वर टांगली. चाळीस वर्षांत त्या भिंतीवर गणपतीची कॅलेंडरं सोडून काही लागलं नव्हतं. गिऱ्हाइकं विचारायची, "हे काय?" तो सांगायचा, "माझं आहे." ते ऐकून मला आतून बरं वाटायचं, आणि मी ते त्याला कधी बोलून दाखवलं नाही.

दिवाळीच्या आधी पुण्यात एका छोट्या हॉलमध्ये विक्री झाली. चित्राबरोबर प्रत्येकाला एक छापील कागद होता: 'या चित्राच्या पंचाहत्तरच प्रती आहेत. याखेरीज एकही प्रत नाही. ठसा नष्ट केला आहे.' खाली श्रीपादची सही. सगळ्यांसमोर त्याने ठशावर पटाशीने दोन खोल फुल्या मारल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याला टाळ्यांचा राग आला. बाहेर जाऊन तो इतका वेळ चालत राहिला, की शुभ्राला त्याला शोधायला जावं लागलं. सगळी चित्रं गेली. दोन खोल्यांचं तीन वर्षांचं भाडं सुटलं.

फळीवरची देवाची प्रत त्याने हिर्डोशीला नेली. चौकट घालून फुलाबाईंच्या हातात दिली, वाडीतल्या देवीपुढे ठेवायला. चित्र त्या वाडीचं, म्हणून देव त्या वाडीचा. त्यात लपवण्यासारखं काही असतं, तर त्याने निदान मला तरी सांगितलं नसतं. त्याने मला ते येता-जाता सांगितलं आणि मी 'बरं केलंस' म्हणाले.

खोल्या माघाच्या सुरुवातीला मिळाल्या. रंग दिला, गाद्या आणल्या, स्वयंपाकाला धोंडाबाई ठरल्या. पहिली येणार होती मंगलच. तिला पुन्हा दिवस गेले होते, आठवा लागला होता. ती येईपर्यंत श्रीपादच्या जिवाला चैन नव्हती. रोज खोल्यांवर जायचा, नळ सोडून बघायचा, दिवे लावून बघायचा.

आणि शुभ्राचा फोन आला. इंद्रजित नावाचे एक गृहस्थ, नऊ क्रमांकाचं चित्र त्यांच्याकडे. सुट्टीला वरंधा घाट बघायला आले होते. चित्रातली वाडी बघू म्हणून हौसेने वर चढले, आणि देवळात त्यांना चित्र दिसलं. तेच. क्रमांक नसलेलं. त्यांनी फोटो काढून चित्र घेतलेल्या सगळ्या लोकांना पाठवला आणि खाली लिहिलं, 'पंचाहत्तरच म्हणाला होतात. ही शहात्तरावी. आणखी किती आहेत?'

शुभ्रा रडकुंडीला आली होती. "आई, आधी सांगितलं असतं तर चाललं असतं गं. कलाकाराची एखादी प्रत वेगळी असते, तसं लिहून टाकतात. आपण लिहिलंय एकही नाही." तीसएक जणांनी पैसे परत मागितले होते. तेवढे परत केले, तर खोल्या त्याच महिन्यात सोडाव्या लागणार होत्या. आणि मंगल वर वाडीत आठव्या महिन्यात.

मी रस्ता ओलांडून गेले आणि श्रीपादवर तोंड सोडलं. "देवाची म्हणून काय झालं? मोजायला नको?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "देवाची कुणी मोजतं का?" म्हणाला. मग त्याचा चेहरा उतरला. आत्ता कुठे त्याच्या ध्यानात आलं होतं. माझ्याही, खरं सांगायचं तर. माझा राग अर्धा माझ्यावरच होता आणि सगळा त्याच्यावर निघाला.

इंद्रजितरावांना मीच फोन केला. भांडायच्या तयारीने केला होता, पण माणूस शांतपणे बोलला. "देवाची प्रत, हे मला पटतं हो. माझ्याही लग्नात ठेवली होती. पण मी पंचाहत्तरातली एक घेतली. तुम्ही ती जास्तीची नष्ट करा, मला दाखवा, बाकीच्यांना मी समजावतो." बरोबरच होतं. बरोबर होतं म्हणून तर मला त्याचा जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही दोघं हिर्डोशीला निघालो. श्रीपाद जागा असून उभा. कंडक्टर दोनदा म्हणाला, "काका, बसा की." खाली उतरून पायवाट लागली तशी तो सुटला. मी मागून धापा टाकत. एका वळणावर मात्र तो थांबला, मागे वळून वाटेकडे बघत राहिला. कुठलं वळण ते मी विचारलं नाही.

फुलाबाई देवळापाशीच होत्या, वाळवण राखत. "या भाऊ. ह्या कोन म्हनायच्या?"

"ही सौदामिनी. बँकेत होती."

"बँकेतल्या व्हय? मग त्यास्नी कशापायी वर चढवलं? लाल झाल्यात बगा." त्यांनी मला आधी पाणी दिलं.

देवीच्या उजव्या हाताला चित्र टांगलेलं होतं. मी जवळ गेले आणि थबकले. काच काढून टाकलेली. चित्रातला तो पांढरा हात आता पांढरा नव्हता. कुंकवाने लाल झाला होता, बोटांच्या ठशांनी माखलेला.

"बाया लावत्यात," फुलाबाई म्हणाल्या. "हितली न्हाईतर पलीकडच्या वाडीतली, खाली दवाखान्यात निघाली की आदी हितं येती. त्या हाताला कुकू लावती आन मंग वाट धरती. तिगी गेल्या आतापत्तुर. तिगीबी लेकरं घिऊन आल्या."

श्रीपादने त्यांना सगळं सांगितलं. उभ्याउभ्या नाही, देवळासमोर इकडून तिकडे चालत. फुलाबाई मान वळवत ऐकत होत्या.

"म्हंजी ह्यो कागुद हितं हाय, म्हून त्या खोल्या बंद व्हनार?"

"हो."

त्या थोडा वेळ वाळवणावरची माशी हाकत राहिल्या. "मंग न्या. द्येवी काय कागदावर बसल्याली न्हाई. तिला सांगते म्या."

श्रीपादने चित्र भिंतीवरून उतरवलं. छातीशी धरलं आणि उभा राहिला. त्याचा पाय हलेना. पहिल्यांदाच.

तेवढ्यात मंगल आली. पोट पुढे, एक हात कमरेवर. तिने बाहेरूनच ऐकलं होतं. "आई, त्यो हात माजा हाय," ती म्हणाली. "मला इचारल्याबिगर समदी फाडाय निगाली व्हय?"

ती पायरीवर टेकली. "तुमच्याकडं पंचात्तर हायती न्हवं, काका? त्यातलं येक फाडा की. मंग ह्ये धरून पंचात्तरच ऱ्हात्यात. न्हाई का ओ, बँकेतल्या बाई?"

"अगं, ती विकलेली आहेत," मी म्हटलं. "दुसऱ्यांची आहेत."

"समदी?"

मी श्रीपादकडे पाहिलं नाही. मला कळलं होतं आणि मला ते कळायला नको होतं. भिंतीवरची ती चौकट, तिच्याखाली उभा राहून 'माझं आहे' म्हणणारा हा माणूस. त्याच्याकडे दुसरं काय होतं? ठशाला तर त्यानेच फुल्या मारल्या होत्या.

"एक माझी आहे," श्रीपाद म्हणाला.

त्याने चित्र देवळाच्या कट्ट्यावर ठेवलं. शर्टाच्या खिशातून पेन्सिल काढली आणि कुंकू लागलं नव्हतं अशी जागा शोधून खाली लिहिलं, ७५/७५. सही केली.

"श्रीपाद, पंचाहत्तरावी तुझी आहे," मी म्हणाले.

"होती," तो म्हणाला आणि चित्र परत भिंतीला लावायला गेला.

परतीच्या एसटीत मी भांडले. दुसऱ्या कुणाला तरी विचारू, शुभ्राला बोलू दे, एक-दोन दिवस थांबू. काय काय म्हणाले. शेवटी तर असंही म्हणाले, की नष्ट केली म्हणून सांगू आणि तुझी माझ्या कपाटात ठेवू, कोण बघायला येतंय? तो दांडीला धरून उभा होता. म्हणाला, "तू बँकेत होतीस ना गं?" मी भोर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

छापखान्यात गेल्या गेल्या त्याने चौकट उतरवली, चित्र बाहेर काढलं आणि कागद कापायच्या यंत्राखाली सरळ लावलं. चित्रफीत काढायला मोबाईल माझ्या हातात. तो म्हणाला, "नीट धर, नाही तर पुन्हा करता येणार नाही." मग त्याने यंत्राचा दांडा ओढला. एकदा. कागद सरकवला, पुन्हा ओढला. बांबू गेला, पाठ गेली, हात गेला. ज्या यंत्रावर त्याने आयुष्यभर पत्रिकांच्या कडा सारख्या केल्या, त्यावरच. तुकडे त्याने गोळा केले, मागची कोरी बाजू वर ठेवून दोऱ्यात बांधून चिठ्ठ्यांची वही केली. परवापर्यंत गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी तिच्यात लिहीत होता. चांगला जाड कागद वाया घालवायचा नाही म्हणे.

इंद्रजितरावांना चित्रफीत पाठवली, देवळातल्या चित्रावरच्या क्रमांकाचा फोटो पाठवला. त्यांचं उत्तर दोनच शब्दांचं होतं: 'मिळालं. पुरे.' पण त्यांनी सगळ्यांना ते दाखवलं असावं. दोघांनी पैसे परत घेतले, बाकी कुणी मागितले नाहीत. खोल्या राहिल्या.

मंगल फाल्गुनात खाली आली, फुलाबाई सोबत. वीस दिवस त्या दोघी धोंडाबाईंच्या हातचं जेवल्या आणि धोंडाबाईंच्या भाताला नावं ठेवत राहिल्या. एका दुपारी मंगलला कळा सुरू झाल्या, तेव्हा ती चालत दवाखान्यात गेली. एका बाजूला फुलाबाई, दुसऱ्या बाजूला मी, आणि श्रीपाद आमच्या पुढे दहा पावलं, मग मागे दहा पावलं, मग पुन्हा पुढे. "भाऊ, येका जागी चाला की," फुलाबाई वैतागल्या. मुलगी झाली. रडली. आम्हा दोघींच्या आधी श्रीपादने ते रडणं ऐकलं, कारण तो दाराला कान लावून उभा होता.

त्या दिवसांत फुलाबाईंना दुपारी करमायचं नाही. त्या छापखान्यात येऊन बसायच्या, स्टुलावर. एकदा त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "हितं काय हुतं ओ? रंग येगळा दिसतोय."

"तुमच्याकडे आहे ते आता," श्रीपाद म्हणाला.

फुलाबाई बराच वेळ त्या चौकोनाकडे आणि रिकाम्या खिळ्याकडे बघत बसल्या.

बारशाची पत्रिका आमच्या भागात कुणी छापत नाही, वाडीत तर नाहीच. पण चैत्रात फुलाबाई खास खाली आल्या आणि म्हणाल्या, "पंचवीस पत्रिका काडा. नातीचं बारसं हाय. चांगली शाई घाला." मला हाक मारली म्हणून मीही गेले. श्रीपादने छोटासा पाळणा कोरला होता. ट्रेडल सुरू झालं. पहिली चांगली पत्रिका निघाली तशी त्याने ती बाजूला काढली, चार कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं, कागदात गुंडाळून फुलाबाईंच्या हातात दिली. "ही देवीची."

फुलाबाईंनी गुंडाळी सोडली. पत्रिका उलटसुलट पाहिली. मग स्टूल ओढून भिंतीपाशी नेलं, पदर खोचला आणि त्यावर चढल्या. मी धरायला धावले. त्यांनी पत्रिकेच्या वरच्या कडेला बोटाने भोक पाडलं आणि ती त्या रिकाम्या खिळ्याला लावली.

"द्येवीकडं तुमचं हाय की येक," खाली उतरत म्हणाल्या. "पयली तुमची."

श्रीपाद पत्रिकेकडे बघत राहिला. मग स्टूल पुन्हा जागेवर ओढलं आणि त्यावर बसला. यंत्र तसंच चालू होतं, कागद न घेता नुसतंच उघडत-मिटत. मी जाऊन ते बंद केलं.

"शाई जरा जास्त झालीय," तो म्हणाला.

"झाली तर झाली," मी म्हटलं, आणि तो बसला होता तेवढा वेळ तिथेच उभी राहिले.